बायोडेटात वाडा कसा लिहायचा

माझ्या भाच्यासाठी मुली बघायचं चाललंय. मुलगा सव्वीसचा, बारावी झालेला, सुपारीचंही व्यसन नाही, उंची पाच-आठ. बायोडेटा टाईप करायचं काम माझ्याकडे आलं, कारण माहेरात कॉम्प्युटरवर बसणारी मी एकटीच. फलटणला मी दुकानदारांचे हिशेब लिहिते, जीएसटीचे रिटर्न भरून देते. रास, नाडी, मामाचं कूळ वगैरे झटपट झालं. मग आला 'व्यवसाय', त्याखाली 'वार्षिक उत्पन्न', 'स्थावर मालमत्ता' आणि 'सध्याचा पत्ता'. आमचा वाडा, म्हणजे मेंढरं घेऊन गावोगाव हलणारा बिऱ्हाडांचा तळ, या चार ओळींत कसा बसवायचा यावरून आमच्या घरात अजून भांडण मिटलेलं नाही.

आण्णाचं, म्हणजे थोरल्या भावाचं, म्हणणं सरळ आहे. "मेंढपाळ लिव. चोरी करतो व्हय आपण?" हे त्यानं बिरवाडीच्या अलीकडून कुठूनतरी फोनवर सांगितलं आणि रेंज गेली. मध्यस्थ म्हणाले, मेंढरांचं नावच काढू नका, 'बागायतदार' टाका. आमच्याकडे बागायत म्हणजे दारातली शेवग्याची झाडं. भाचा म्हणाला, "आत्या, 'शेती व पशुपालन' लिही. खोटं पण नाही आणि कोण लगेच पळून पण जाणार नाही." वैनी काहीच बोलली नाही. तिचं पुढं सांगते.

आमचं गाव फलटणच्या दक्षिणेला, डोंगराच्या अंगाला. खाली नीरेच्या कालव्यावर ऊस, वर आमच्याकडे कुसळं. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर. दिवाळी झाली की वाडा हलतो. लोणंद, शिरवळ, भोर आणि मग वरंधा घाट उतरून महाड-माणगावच्या बाजूला. मृग निघायच्या आत परत. आबांच्या, म्हणजे वडलांच्या, आधीच्या पिढीपासून हीच वाट आहे. दुसऱ्यांच्या वाटा वेगळ्या. संगमनेर-पारनेरकडचे माळशेज उतरतात, कोणी कुंभार्ली, कोणी आंबा. कोणाची वाट कुठली आणि कोणाचा मुक्काम कुठल्या शिवारात, हे कागदावर कुठंही नाही, तरी सगळ्यांना ठाऊक असतं.

लोकांना वाटतं चारा संपला म्हणून बिचारे भटकतात. तसं नाही. दिवाळीनंतर देशावर रब्बीची ज्वारी उभी असते, मेंढरू रानात घालायला जागा नसते. त्याच वेळी कोकणात भात कापून खाचरं मोकळी होतात आणि जमिनीत ओल असते, त्यामुळे धसकटांतून हिरवं फुटतं. शेतकऱ्याला खत हवं असतं, आम्हाला चारा. पावसाळ्यात उलटं. महाडकडे पडतो तीन हजार मिलिमीटरच्या घरात. तिथं दख्खनी मेंढरू चिखलात उभं राहिलं तर खुरं सडतात, लोकर भिजून अंगात थंडी भरते. म्हणून वर यायचं. ही सगळी आखणी कोणीतरी फार पूर्वी, पुष्कळ मेंढरं गमावून, शिकलेलं आहे.

आता 'स्थावर मालमत्ता'. सात-बाऱ्यावर दोन एकर जिरायत, त्यावर चुलत्यांसकट चार नावं. ती लिहिली तर मुलीकडचे फोन ठेवतील. आणि वाड्यात तीन बिऱ्हाडांची मिळून दोनशेच्या आसपास मेंढरं. कानाच्या खुणेवरून कोणाचं कोणतं ते कळतं. धडधाकट मेंढीचे दहा-बारा हजार धरले तरी वीस लाखांच्या वर जातं. फलटणमध्ये माझ्याकडे हिशेबाला येणाऱ्या निम्म्या दुकानांत एवढा माल नसतो. पण त्यांना कॅश क्रेडिट मिळतं. आण्णा एकदा एका बँकेत गेला होता. साहेबांनी चहा दिला आणि विचारलं, तारण काय? मेंढरं म्हटल्यावर म्हणाले, ती कुठं आहेत? आण्णा म्हणाला, आज भोरच्या पलीकडं. संपलं.

विम्याचंही तेच. कानात बिल्ला हवा, मेली तर डॉक्टरांचा दाखला हवा, पंचनामा हवा. घाटात रात्री मेंढी मेली तर दाखला द्यायला कोण येणार? 2021 च्या डिसेंबरच्या सुरुवातीला अवकाळी पाऊस आणि गार वारं एकदम आलं, ते पुणे, नगर, साताऱ्याकडच्या मेंढपाळांना विचारा. कातरलेली मेंढरं एका रात्रीत गारठून आडवी झाली, ठिकठिकाणी ढीग लागले. आमची थोडीच गेली. त्यातही पंचनाम्याला माणूस येईपर्यंत पुढं सरकायचं नाही, आणि सरकलं नाही तर उरलेली उपाशी. आण्णा सरकला. मी त्याला खूप बोलले तेव्हा. आता नाही बोलत.

'वार्षिक उत्पन्न' हा त्याहून अवघड रकाना. दख्खनी मेंढीला बहुधा एकच कोकरू. शंभर मेंढ्यांमागं वर्षाला सत्तर-ऐंशी कोकरं जगली तर आण्णा साल बरं गेलं म्हणतो. मादी ठेवायची, नर तीन-चार महिन्यांचा झाला की विकायचा. व्यापारी वाड्यावर येतो, नाहीतर लोणंदचा बाजार आहे. आखाडात भाव चढतो, श्रावणात पडतो, बकरी ईदला मोठ्या मेंढ्यांना मागणी. हे कोणालाही कळेल. कळत नाही ते असं, की व्यापाऱ्यानं उन्हाळ्यात आधीच उचल दिलेली असते, त्यामुळे भाव चढला तरी आपल्याला तो पूर्ण मिळत नाही. दुकानदाराला ओव्हरड्राफ्टचं व्याज दिसतं, आण्णाला त्याचं व्याज दिसत नाही. ते कोकराच्या किमतीतून आधीच गेलेलं असतं.

पूर्वी लोकर हे दुसरं उत्पन्न होतं. वर्षातून दोनदा कातरणी, कोकराचं पहिलं जावळ वेगळं काढून ठेवायचं, त्याला दर जास्त. सनगर ते घेऊन जायचे, घोंगडी विणायचे, चिंचोक्याच्या खळीनं ती कडक करायचे. आता कातरणाऱ्याला द्यायची मजुरी लोकरीच्या पैशापेक्षा जास्त होते. पण कातरावं तर लागतंच, नाहीतर उन्हाळ्यात जनावर बेजार होतं. आमच्या दोन वर्षांच्या लोकरीची पोती घराच्या माळ्यावर आहेत. मी ती हिशेबात शून्य धरलीत. आबा असते तर रागावले असते.

आणि तिसरं उत्पन्न शेत बसवण्याचं. कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. संध्याकाळी खाचरात वाघूर लावायची, म्हणजे जाळीचं कुंपण, आत मेंढरं बसवायची. रात्रभर लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं. दुसऱ्या रात्री वाघूर तिथून शेजारी सरकवायची. असं करत पूर्ण शेत झाकायचं. शेतकरी सांगतात, एकदा बसवलेल्या शेताला दोन-तीन सालं गुण राहतो. आबांच्या वेळी याचे पैसे नव्हते, पायलीनं भात मिळायचं. आमचं बिऱ्हाड कोकणात असताना भातावर आणि देशावर भाकरीवर जगायचं. आता रात्रीवर पैसे ठरतात, कुठं तांदूळही देतात.

महाडजवळच्या एका घराशी आमचा आबांपासूनचा संबंध आहे. त्यांची म्हातारी आणि माझी आई एकमेकींना बहिणी म्हणायच्या. पावसाळ्यात आमची मोठी पातेली आणि जास्तीची वाघूर त्यांच्या पडवीत असते. त्यांच्या मुलाच्या लग्नाला आण्णा घाट उतरून गेला, फेटा बांधून पंगतीला बसला. पण आता तो मुलगा मुंबईला असतो, शेत कोणाला तरी खंडानं दिलंय. नवीन माणूस म्हणतो, मेंढरं वाल खातील. भात काढल्यावर ओलीवर कडवे वाल पेरायचे, ही त्यांची रीत जुनीच. पूर्वी आमचे लोक वालाचं शेत सोडून जायचे आणि कोणाला त्रास नव्हता. आता जिथं कालव्याचं पाणी आलं तिथं उन्हाळी भात आहे, जिथं नाही तिथं आंब्याची नाहीतर प्लॉटिंगची कंपाउंडं आहेत. मोकळं असं मधलं काही फार राहिलं नाही. मुंबई–गोवा रस्ता मोठा झाल्यापासून खांड, म्हणजे मेंढरांचा कळप, पलीकडे न्यायची म्हणजे जीव मुठीत. तसंच शिरवळला. तिथं पुणे–बेंगळुरू महामार्ग भल्या पहाटे ओलांडतात. पुढं एक माणूस बॅटरी घेऊन, मागं एक, मध्ये मेंढरांची रांग, आणि ट्रकवाल्यांच्या शिव्या.

रानाचं दुखणं वेगळं. ते मी इथं सविस्तर लिहीत नाही, कारण लिहिलं तर वाटेत माझ्याच भावाला त्रास होईल. एवढंच सांगते की वाड्याच्या खर्चात एक रक्कम अशी असते की जिची पावती मिळत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांना हंगामी चराईचा हक्क लिहिलेला आहे. पण आदिवासी नसलेल्यांनी तो मागायचा तर तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, त्या जंगलावर अवलंबून असल्याचा पुरावा द्यायचा. माझा स्वतःचा जन्म वरंध्याच्या पायथ्याला, शिमग्याच्या आसपास झाला असं आई सांगायची. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून आहे आणि जन्मगाव फलटण तालुक्यातलं. गुरुजींना दाखला भरायचा होता, त्यांनी भरला. आता त्या घाटावर आमचा पिढीजात संबंध आहे हे कुठल्या कागदानं दाखवू?

सरकारी योजनांना मी नावं ठेवणार नाही. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत 20 मेंढ्या आणि 1 मेंढा 75 टक्के अनुदानावर मिळतो. आमच्या नात्यात एकाला मिळाला आणि त्याचं खरंच बरं चाललंय. जून ते सप्टेंबर महिन्याला 6 हजार रुपये चराई अनुदान आहे, ते ज्यानं आखलं त्याला वाड्याचं थोडंफार कळतं. पावसाळ्यात आम्ही घरी असतो, सगळीकडे पिकं उभी असतात, चरायला जागा नसते, तेव्हाच हातात पैसा लागतो. फक्त अर्ज, ओटीपी आणि बँकेचं केवायसी हे सगळं घाटात रेंज नसलेल्या माणसाकडून मागतात. आण्णाच्या भागातले अर्ज मीच भरते. काही जणांचा मोबाईल नंबरसुद्धा माझाच आहे.

आता वैनी.

वाडा म्हटलं की फोटोत माणूस दिसतो. लाल पटका, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. पुरुष मेंढरं घेऊन रानारानानं जातात आणि बायका घोडी घेऊन रस्त्यानं. वैनी पहाटे साडेतीनला उठते. सगळ्यांच्या दोन वेळच्या भाकरी थापते. मग वाघूर गुंडाळायची, मेखा उपटायच्या, भांडी, पीठ, अंथरूण, कोंबड्यांचं डालं, रात्री जन्मलेली कोकरं, सगळं घोड्यांवर लादायचं. भाचा तान्हा असताना त्यालाही या ओझ्यावर बांधून नेलेला मी पाहिलाय. दहा-बारा किलोमीटर चालायचं. नव्या जागी पोचलं की आधी पाणी कुठं ते बघायचं, सरपण गोळा करायचं, तीन दगड मांडायचे, वाघूर लावायची. लंगडी, आजारी मेंढरं बायकांकडेच असतात, कोकरं आयांना लावायचं कामही त्यांचंच. मग दळण. गिरणी गावात, गाव दोन किलोमीटर. परक्या गावात पीठ आणायला गेलेल्या बाईला कोण काय बोलतं ते वैनी सांगत नाही. मी दहा वर्षांची होईपर्यंत आईबरोबर गेलेय, म्हणून मला माहीत आहे. नंतर आबांनी मला आश्रमशाळेत घातलं.

बायोडेटाच्या नादात मी एका रात्री वाड्याचा ताळेबंद मांडला. कोकरांची विक्री, शेत बसवल्याचे पैसे, अनुदान एका बाजूला. औषधं, जंतनाशक, घोड्यांचा खुराक, किराणा, गड्याचा वर्षाचा पगार आणि त्याला द्यायची कोकरं, पावती नसलेली रक्कम दुसऱ्या बाजूला. आण्णाच्या बिऱ्हाडाला बऱ्यापैकी नफा दिसला. मग मला हिशेबनिसाची खोड आठवली आणि मी वैनीची मजुरी त्यात घातली. रोजगार हमीचा 2025-26 चा दर धरला, दिवसाला 312 रुपये. तिला सुट्टी नसते, म्हणून 365 दिवस. 1 लाख 13 हजार 880. नफा एवढासा उरला. रोजगार हमीवर दिवस मावळला की काम संपतं, इथं संपत नाही, पण तो भाग सोडून दिला.

वैनीला फोनवर हे सांगितलं. ती हसली. "मग द्या की मला ते पैसं, वन्सं. कुनाकडं मागू?"

मी म्हटलं, आण्णाकडं माग.

"त्येंच्याकडं कुठलं? त्येंचंबी तसंच हाय."

हे तिचं खरं आहे. वाड्यातली रोकड तिच्याच चंचीत असते, शेळ्या आणि अंडी तिची, त्यातला पैसा ती कोणाला विचारून खर्च करत नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी नोकरदारांच्या बायकांना एवढी मुभा नाही. पण मुभा आहे म्हणून पाठीचं दुखणं कमी होत नाही. तिचं दुसरं बाळंतपण शिरवळच्या पुढं झालं, आणि पाचव्या दिवशी ती चालत होती.

तिची थोरली मुलगी साताऱ्याला नर्सिंग करते. त्या मुलीला मागच्या वर्षी एक स्थळ आलं. घर चांगलं, पाहुण्यांतलं, मेंढरंही आमच्यापेक्षा जास्त. आण्णाला पसंत होतं. वैनी एका वाक्यात नाही म्हणाली. आणि आता मुलासाठी बघायची वेळ आली तेव्हा ती गप्प का, हे मी विचारलं. ती म्हणाली, "माझी लेक मी वाड्यावर द्यायला तयार न्हाय. मग दुसरीची कोंच्या तोंडानं मागू?"

आमच्याकडे सुंबरान, म्हणजे देवाचं स्मरण, मांडून बाणाईची ओवी म्हणतात. जेजुरीचा खंडोबा बाणाईसाठी धनगराघरी चाकरीला राहिला, तिची मेंढरं राखली, धुताना मारली आणि मग जिवंत केली, तेव्हा कुठं ती मिळाली. देवानं मुलीसाठी मेंढरं धरली. आता मुलं मुलीसाठी मेंढरं सोडतात. माझ्या माहितीतल्या कितीतरी पोरांनी चारा कमी पडला किंवा लांडग्यानं नुकसान केलं म्हणून वाडा मोडलेला नाही. लग्न जमेना म्हणून मोडला. मग पुण्याकडे एमआयडीसीत कंत्राटावर बारा-पंधरा हजार. तिथं खोलीचं भाडं जातं, पण 'सध्याचा पत्ता' लिहिता येतो.

मी त्या मुलींना दोष देत नाही. माझंही लग्न ठरवताना आबांनी पहिली अट घातली होती, घर एका जागी हवं. मी फलटणला फ्लॅटमध्ये बसून वाडा टिकला पाहिजे असं लिहिणं सोपं आहे. कोणी म्हणालं, तुम्हीच जा ना मग, तर मी जाणार नाही.

भाच्याच्या डोक्यात वेगळं आहे. तीस-चाळीस मेंढ्या घरी शेडमध्ये ठेवायच्या. आपल्या फलटणच्याच निंबकर संस्थेनं बंगालच्या गरोल मेंढीतला जुळ्यांचा गुण दख्खनीत आणून नारी सुवर्णा ही जात तयार केली, तिच्या माद्या घ्यायच्या. एका वेताला दोन कोकरं, म्हणजे शेडचा खर्च निघेल. आण्णा म्हणतो, "दोन कोकरं पाजून ती चालंल कशी?" भाचा म्हणतो, चालायचंच नाही. आण्णाला माडग्याळ जातीच्या मेंढ्याचं वेड आहे. 2020 मध्ये आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळ मेंढ्याला 70 लाखांपर्यंत मागणी आली होती, तेव्हापासून प्रत्येक बाकदार नाकाच्या कोकराकडे तो वेगळ्या नजरेनं बघतो. मी दोघांनाही आकडे दाखवले. शेडमध्ये मका, पेंड, कडबा सगळं विकत. वाड्यावर चारा फुकट दिसतो, कारण त्याची किंमत वैनी चालून भागवते. दोन्ही आकडे टेबलावर ठेवले की बापलेक दोघेही माझ्यावरच चिडतात.

दोन ठिकाणांहून होकारासारखं काहीतरी आलंय. एकांची अट आहे, मुलगी वाड्यावर जाणार नाही. भाच्यानं ती मान्य केली, आण्णानं 'बघू' म्हटलंय. दुसऱ्या घरच्या मुलीनं स्वतः फोन करून भाच्याला विचारलं, किती मेंढरं तुझ्या एकट्याच्या नावावर आहेत आणि कर्ज किती. मला ही मुलगी आवडली.

दरम्यान वैनीनं गप्प राहणं सोडून आपली स्वतःची एक अट पुढं केलीय, सुनेशी त्या अटीचा काही संबंध नाही. पुढच्या दिवाळीला बिऱ्हाड पिकअपमध्ये जाईल. भांडी, वाघूर, कोकरं, कोंबड्या, सगळं. शेजारच्या वाड्यांनी हे केव्हाच सुरू केलंय. आण्णाचं म्हणणं, पिकअप जिथं जात नाही तिथंच चांगला चारा असतो, आणि घोडी विकायची नाहीत. भाड्याची रक्कम मी पुढच्या वर्षाच्या खर्चात धरून ठेवली आहे. घोड्यांचा खुराकही तसाच ठेवलाय, कारण या दोघांचं अजून मिटलेलं नाही.